चौथा टेक

डोर स्ट्रीटवरचं माझं धुलाईघर
रात्री दहाला बंद होतं.
त्या ऑक्टोबरात सात रात्री झालं नाही.

ओनिका आली होती. वय सव्वीस,
तीन क्रेडिट कार्डं, तिन्ही शेवटच्या घटका मोजणारी.
म्हणाली, मॅम, एका मुलीचा सिनेमा करतेय.
काय होतं त्यात?
काही नाही. ती मोठी होते.

एवढ्यासाठी सिनेमा?
मी भाडं निम्मं केलं.
का, ते नवऱ्याला अजून सांगता आलेलं नाही.

पाच माणसं आणि एक कॅमेरा.
दिव्यांच्या तोंडाला बेकिंगचा कागद.
अकरा नंबरचं मशीन कण्हतं म्हणून
साउंडवाल्यानं त्याच्यावर रजई घातली,
तापातल्या माणसाला घालतात तशी.

आणि जकेला. बारा वर्षांची,
गुडघ्यावर खपली, दातांना तारा,
अर्धं डोकं बारीक वेण्यांनी विणलेलं, अर्धं मोकळं.
सीनच तसा होता:
वेण्या घालता घालता मावशीला कामावरून फोन येतो,
ती कंगवा ठेवून निघते,
आणि मुलगी तशीच, अर्ध्या डोक्यानिशी,
घरादाराचे कपडे घेऊन येते.
पुढे कागदावर लिहिलं होतं: ती रडते.

पहिल्या टेकला ती रडली नाही.
दुसऱ्याला ग्लिसरीन. डोळे लाल, रडू नाही.
तिसऱ्यात मधेच थांबून तिनं विचारलं,
"पण मी रडू कशाला?
उरलेलं कसं घालायचं ते मला येतं की."

कोणी काही बोललं नाही.
ओनिकानं कागदाची घडी केली, मागच्या खिशात ठेवली.

मधल्या वेळात चिप्स खाता खाता जकेला मला म्हणाली,
शाळेत न विचारता हात लावतात केसांना.
मेंढराला लावतात ना, तसा.
आणि लगेच, तुमच्याकडे तिखट चिप्स नाहीत का?

माझ्या वेणीला असा हात कुणी लावला नव्हता.
म्हणून मला कळलं, असं म्हणणार नाही.
उलट, बारा वर्षं या गल्ल्यामागे बसून
अशा दोघीतिघी पोरी हसत आत आल्या
की माझी खुर्ची आपोआप गल्ल्याकडे सरकायची.
हे ओनिकाला सांगितलं नाही.
इथे सांगते.

चौथा टेक.
जकेला ड्रायरच्या गोल काचेसमोर बसली.
आत चादरी उलट्यापालट्या होत होत्या,
काचेत तिचं तोंड यायचं, पुसलं जायचं.
कंगव्याची दांडी दातात,
आणि बोटं, न बघता,
कपाळापासून मानेपर्यंत वाट काढत निघाली,
पेडाखाली पेड, पेडाखाली पेड,
अंधारात ओळखीचा जिना उतरावा तशी.
अठरा मिनिटं. कट म्हणायचं कुणाला सुचलं नाही.
साउंडवाला तोंड उघडं ठेवून श्वास घेत होता.

ड्रायर थांबला.
तिनं मागे हात केला, माझ्याकडे, वळून न बघता.
हे लिहिलेलं नव्हतं.
मी गल्ला उघडला, एक क्वार्टर तिच्या तळव्यावर ठेवला.
चादरी पुन्हा फिरू लागल्या.

मार्चमध्ये चर्चच्या तळघरात दाखवला तो.
घडीच्या खुर्च्या, चाळीसेक माणसं, उकडलेल्या कॉफीचा वास.
एक्काहत्तर मिनिटं खरंच काही झालं नाही.
पुढच्या रांगेतली एक म्हातारी, जाड टोपीवाली,
त्या अठरा मिनिटांतल्या उरलेल्या चारांत
स्वतःच्या मांडीवर बोटं हलवत होती.
मग कडेनं एक हात आला, हिरव्या काचेची बांगडी, नाणं.
शेवटी नावांत: हात, मिसेस घायसस.
घैसास लिहायला कुणालाच जमत नाही इकडे.

जकेला माझ्या शेजारी. इंचभर उंच, तारा निघालेल्या.
पडद्यावर खपली होती,
खुर्चीतला गुडघा साफ.
कानाशी येऊन म्हणाली,
मॅम, तुमचा क्वार्टर द्यायचा राहिलाय ना?

राहू दे, असं मी म्हणणार होते.
हात पुढे केला.
तिनं दोन्ही खिसे चाचपले, हसली,
म्हणाली, उद्या.